कोऱ्या मताला उत्तर कोण देणार?

जुझे सारामागो या पोर्तुगीज कादंबरीकाराची, इंग्रजीत 'सीइंग' या नावाने गेलेली कादंबरी मूळ भाषेत २००४ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने आपल्या सर्वोच्च न्यायालयात एक याचिका दाखल केली. मतदान केंद्रावर येऊन एकाही उमेदवाराला मत न देणाऱ्याची नापसंती इतर मतांसारखीच गुप्त राहावी, ही तिची मागणी. कॅनरी बेटांतल्या लान्सारोतेवर राहणाऱ्या लेखकाला दिल्लीतल्या या याचिकेची खबर असण्याचे कारण नव्हते आणि याचिकाकर्त्यांनाही त्या कादंबरीची. तरी दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच होता. जो मतदार घरी बसून राहत नाही, रांगेत उभा राहतो, बोटाला शाई लावून घेतो आणि मग 'तुमच्यापैकी कोणीच नको' असे सांगतो, त्याच्या या म्हणण्याचे लोकशाहीने करायचे काय? गेल्या काही वर्षांत लातूर, इंदूर, सुरत आणि महाराष्ट्रातल्या महापालिका यांच्याकडून आलेल्या बातम्यांनी हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला आहे. त्या बातम्या या कादंबरीशेजारी ठेवून वाचल्या, तर आपल्या निवडणुकांमधली एक मोठी उणीव स्पष्ट दिसते. त्या उणिवेची ओळख करून देणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

कादंबरीकाराविषयी थोडे आधी सांगायला हवे, कारण निवडणुकीवर बोट ठेवणाऱ्या लेखकाला लोकशाहीचा शत्रू ठरवणे फार सोपे असते. सारामागो यांचा जन्म १९२२ साली आझिन्यागा या खेड्यात, भूमिहीन शेतकरी कुटुंबात झाला. त्यांच्या उमेदीची सगळी वर्षे सालाझारच्या आणि त्याच्या वारसाच्या हुकूमशाहीत गेली. बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षाचे ते १९६९ साली सभासद झाले. २५ एप्रिल १९७४ रोजी ती राजवट कोसळली, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. म्हणजे खुली निवडणूक ही गोष्ट त्यांना आयती मिळालेली नव्हती. ती नसते तेव्हा माणसाचे काय होते हे त्यांनी अर्धे आयुष्य पाहिले होते. १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर, वयाच्या ऐंशीच्या पुढे, त्यांनी ही कादंबरी लिहिली. तिच्यात उजवा, मधला आणि डावा असे तीन पक्ष आहेत आणि डाव्यांच्या वाट्याला त्यांनी सर्वांत कमी मते दिली आहेत. स्वतःच्या बाजूलाही सवलत न देणाऱ्या माणसाचे हे पुस्तक आहे, म्हणून त्याच्या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे.

एका अनाम देशाच्या अनाम राजधानीत मतदानाचा दिवस उजाडतो तो मुसळधार पावसात. दुपार उलटून जाते तरी केंद्रांवर कोणी फिरकत नाही. अधिकारी धास्तावतात. मग चार वाजता, जणू ठरवल्यासारखे, लोक घराबाहेर पडतात आणि रांगा लागतात. रात्री मोजणी होते. उजव्या पक्षाला तेरा टक्के, मधल्याला नऊ, डाव्याला अडीच. बाद मते नगण्य, गैरहजर मतदारही नगण्य. उरलेल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मतपत्रिका कोऱ्या. आठवड्याने फेरमतदान होते तेव्हा आकाश निरभ्र असते, कोणी घरी थांबत नाही, आणि कोऱ्या मतांचे प्रमाण ८३ टक्क्यांवर जाते. कोणी घोषणा दिलेली नाही, पत्रक काढलेले नाही, सभा घेतलेली नाही. कायद्याने कोरे मत टाकण्याची मुभा आहे आणि लोकांनी ती वापरली आहे, एवढेच घडले आहे. पण सरकारच्या लेखी हा कट ठरतो. आधी आणीबाणी लागू होते, मग राजधानीला वेढा पडतो. एका रात्री सगळे मंत्रिमंडळ शहर सोडून निघून जाते. शासनाशिवाय ही माणसे एकमेकांच्या उरावर बसतील आणि शहाणी होतील, हा त्यामागचा हिशेब. तसे होत नाही, तेव्हा गृहमंत्र्याच्या हुकमाने एका मेट्रो स्थानकात बॉम्ब फोडला जातो. शेवटी सूत्रधार हवाच म्हणून एक निरपराध स्त्री हेरली जाते, आणि तिच्या निर्दोषपणाची खात्री पटलेल्या पोलीस अधिकाऱ्यासकट तिचा बळी घेतला जातो.

या कथानकातले काही प्रसंग जवळून पाहण्यासारखे आहेत, कारण कादंबरीचा युक्तिवाद त्यांतूनच पुढे सरकतो. पोलीस शेकडो लोकांना उचलून आणतात आणि खोटे पकडणाऱ्या यंत्राला जोडतात. त्यांपैकी एक स्त्री प्रश्न विचारणाऱ्या अधिकाऱ्यालाच त्या यंत्राला जोडून घ्यायला लावते आणि कोरे मत टाकलेस का, असे विचारते. तो नाही म्हणतो. यंत्राची सुई त्यालाच खोटे ठरवते. गुप्त मतदानात मनाचा शोध घेऊ पाहणारी सत्ता स्वतःच्या माणसांवरही विश्वास ठेवू शकत नाही, हे सिद्ध करायला लेखकाला याहून अधिक काही लिहावे लागत नाही. पुढे सरकार सफाई कामगारांना संपावर जायला भाग पाडते. रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साठणार, तोच घराघरांतून बायका झाडू घेऊन उतरतात आणि आपापल्या दारापुढचा रस्ता साफ करतात. थोड्या दिवसांनी कामगारही साध्या कपड्यांत कामावर येतात. संपावर आमचे गणवेश आहेत, आम्ही नाही, असे त्यांचे म्हणणे. पक्षांना मते दिलेले लोक सामानसुमान गाड्यांवर लादून शहराबाहेर पडायला निघतात आणि वेढ्यावरून परत पाठवले जातात. आता दंगल होणार या आशेने सरकार वाट पाहत असते. प्रत्यक्षात कोरे मत टाकणारे शेजारी खाली येतात आणि परतलेल्यांचे सामान जिने चढून त्यांच्या घरी पोहोचवतात. कोरे मत म्हणजे अराजक, हा सरकारचा दावा या तीन-चार प्रसंगांत पुरता गळून पडतो. या लोकांनी समाज नाकारलेला नाही, एकमेकांना नाकारलेले नाही. समोर ठेवलेले पर्याय तेवढे नाकारले आहेत.

मला या कादंबरीचे मर्म इथे दिसते. कोरे मत टाकण्याचा हक्क कायद्यात आधीपासूनच होता. दहावीस माणसे तो वापरत होती तोवर कोणाचीच हरकत नव्हती. बहुसंख्यांनी तो वापरताच त्याचा गुन्हा झाला. म्हणजे सत्तेने तो हक्क दिला होता तो कोणी वापरणार नाही या भरवशावर. मतमोजणीच्या रात्री सरकारपुढे खरे तर एक साधा, सरळ मार्ग होता. लोकांपुढे जाऊन विचारायचे होते की आमचे काय चुकले? मंत्रिमंडळाच्या बैठकांची पानेच्या पाने कादंबरीत आहेत. त्यांत डावपेच आहेत, धमक्या आहेत, एकमेकांवर कुरघोड्या आहेत. हा एक प्रश्न तेवढा टाळला जातो. ज्या एकदोन मंत्र्यांना त्याची चाहूल लागते, त्यांच्यापुढे राजीनाम्याखेरीज वाट उरत नाही. कोऱ्या मताला उत्तर द्यायचे तर आधी ते म्हणणे आहे, असे मान्य करावे लागते. सारामागोंचे सरकार ते मान्य करत नाही आणि पुढचा सगळा हिंसाचार त्या नकारातून जन्मतो.

आता आपल्याकडे वळू. नापसंती नोंदवण्याची सोय भारतात पूर्वीही होती, पण ती कशी ते पाहण्यासारखे आहे. १९६१च्या निवडणूक नियमांतल्या '४९-ओ' या नियमाखाली मतदाराला केंद्राध्यक्षांना तसे सांगावे लागे. मग १७-अ या नोंदवहीत शेरा लिहिला जाई आणि मतदाराने त्यापुढे सही किंवा अंगठा द्यायचा. खोलीत सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी बसलेले असताना. खेड्यात, जिथे रेशन दुकानापासून सोसायटीच्या कर्जापर्यंत सगळे कोणा ना कोणाच्या हातात असते, तिथे हे धाडस किती जणांना परवडणार? २७ सप्टेंबर २०१३ रोजी सरन्यायाधीश पी. सदाशिवम, न्यायमूर्ती रंजना देसाई आणि न्यायमूर्ती रंजन गोगोई यांच्या पीठाने ही अडचण ओळखली. नापसंती हासुद्धा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि तिलाही गुप्ततेचे संरक्षण हवे, असे सांगून त्यांनी मतदान यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण ठेवण्याचा आदेश दिला. नापसंती मोठ्या संख्येने दिसू लागली की पक्षांना चांगले उमेदवार देणे भाग पडेल, अशी अपेक्षाही निकालात होती. त्याच वर्षअखेरीस पाच राज्यांच्या विधानसभा निवडणुकांत हे बटण पहिल्यांदा आले. आपण त्याला 'नोटा' म्हणू लागलो.

पण निकालाने जे दिले त्याचा अर्थ निवडणूक आयोगाने लगेच स्पष्ट केला: नोटाला सर्वांत जास्त मते पडली तरी उमेदवारांपैकी ज्याला जास्त मते असतील तोच विजयी. अनामत जप्त करताना एकूण वैध मतांचा एक षष्ठांश हिस्सा काढतात, त्या वैध मतांतही नोटा धरले जात नाही. म्हणजे हे मत मोजले जाते, निकालपत्रकात छापले जाते आणि तिथेच संपते. २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही लोकसभा निवडणुकांत दर वेळी साठ लाखांहून अधिक लोकांनी हे बटण दाबले. प्रमाण एकूण मतांच्या सुमारे एक टक्का. एवढी माणसे एका पक्षामागे उभी असती, तर त्या पक्षाच्या दारात युतीसाठी रांग लागली असती. या साठ लाखांना मात्र काय खटकले, हे विचारायला कोणी गेले नाही.

काही ठिकाणी तर आकडे दुर्लक्ष करण्यासारखे राहिलेच नाहीत. २०१९च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्ये काँग्रेसचे धीरज देशमुख १,३५,००६ मते घेऊन निवडून आले आणि दुसऱ्या क्रमांकावर होते नोटा, २७,५०० मतांसह. शिवसेनेचा उमेदवार १३,५२४ मतांवर राहिला. त्याच निवडणुकीत सांगली जिल्ह्यातल्या पलूस-कडेगावमध्येही नोटा २०,६३१ मते घेऊन दुसरे आले. २०२४च्या लोकसभेला इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला आणि तो भाजपमध्ये गेला. भाजपचे शंकर लालवानी ११,७५,०९२ मतांच्या फरकाने जिंकले. हा फरक काढला गेला तो ५१,६५९ मते मिळालेल्या बहुजन समाज पक्षाच्या उमेदवाराशी तुलना करून. नोटाला पडलेली २,१८,६७४ मते त्या वजाबाकीत आलीच नाहीत. दोन लाखांवर माणसांचे म्हणणे हिशेबाच्या कागदावर असूनही हिशेबाबाहेर राहिले. सारामागोंच्या सरकारला कोऱ्या मतांची झोप उडवणारी भीती वाटली. आपल्या व्यवस्थेला भीती वाटत नाही, कारण तिने आधीच तजवीज करून ठेवली आहे.

माझे म्हणणे असे, की कोऱ्या मताकडे गुन्हा म्हणून पाहणे आणि ते म्हणजे काहीच नाही असे मानणे, ही एकाच नकाराची दोन रूपे आहेत. पहिल्यात वेढा आहे, बंदूक आहे. दुसऱ्यात काही नाही. माणसांच्या जिवाच्या दृष्टीने दुसरे रूप निश्चितच बरे आणि हा फरक लहान लेखू नये. पण 'का नको?' हा प्रश्न दोन्हींत टळतोच. उलट दुसऱ्या रूपात तो टळतो आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. आणि पहिल्या रूपाची छटा आपल्याकडे अजिबात नाही, असेही नाही. २०२४च्या विधानसभा निकालानंतर सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या काही ग्रामस्थांनी मतदान यंत्राच्या आकड्यांविषयी शंका घेतली. यंत्राने गावात भाजपच्या उमेदवाराला १००३ आणि राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) पक्षाच्या उमेदवाराला ८४३ मते दाखवली होती. ३ डिसेंबरला गावातच मतपत्रिकेवर प्रतीकात्मक मतदान घ्यायचे त्यांनी ठरवले. यंत्रांविषयीच्या त्यांच्या शंकेत तथ्य होते की नाही, हा स्वतंत्र विषय आहे. त्या मतदानाला कायद्याचे बळ नव्हते, हेही खरे. पण ज्याने कोणताच निकाल बदलणार नव्हता अशा कृतीसाठी जमावबंदी लागू झाली, पोलीस बंदोबस्त लागला आणि गावकऱ्यांवर गुन्हे नोंदवले गेले. शंकेला खुलाशाने उत्तर देता आले असते. दिले गेले ते बंदोबस्ताने.

'नको' या शब्दाला किंमत नसली की पुढे काय होते, हे सुरतने दाखवले. एप्रिल २०२४ मध्ये तिथे काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनी अर्जावरच्या सह्या आपल्या नाहीत असे सांगितले, छाननीत अर्ज बाद झाला, उरलेल्या आठही जणांनी माघार घेतली आणि २२ एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार झाले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ५३(२) प्रमाणे जागा एक आणि उमेदवार एक असेल, तर निवडणूक निर्णय अधिकारी त्याला तिथल्या तिथे निवडून आल्याचे जाहीर करतात. मतदान होतच नाही. सोळा लाखांहून अधिक मतदारांना ना होकार देता आला, ना नकार. सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेला नापसंतीचा हक्क तिथे बटणासकट नाहीसा झाला. जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या महाराष्ट्रातल्या महापालिका निवडणुकांत कल्याण-डोंबिवलीसह अनेक शहरांत नगरसेवक मतदानाआधीच बिनविरोध निवडून आले, तेव्हा हीच गोष्ट आपल्या दारात आली. नोटाला वजन असते, तर एकट्या उमेदवारालाही मतदारांपुढे उभे राहावे लागले असते. ते नाही, म्हणून प्रतिस्पर्धी बाजूला केला की मतदारही आपोआप बाजूला होतो. म्हणून नोटा आणि बिनविरोध हे दोन वेगळे विषय नाहीत. जी व्यवस्था नकाराला शून्य मानते, ती पुढे निवडीलाही अनावश्यक मानू लागते.

यावर पहिला आक्षेप आपल्या मातीतलाच आहे. बिनविरोध निवडणूक हे गावच्या एकोप्याचे लक्षण, भांडणे मिटतात, खर्च वाचतो, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. बिनविरोध ग्रामपंचायतींना जादा निधी देण्याच्या घोषणाही होतात. गाव खरोखर एकमताने एखाद्याला पुढे करत असेल, तर त्यात वाईट काहीच नाही. पण हे एकमत कसे जमले, हे तपासायची सोय आज नाही. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे सरपंचपदाचा जाहीर लिलाव झाल्याचे उघड झाले, म्हणून राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या निवडणुका रद्द केल्या. बोली लागली ती देवळाच्या कामासाठी, असे समर्थन पुढे आले. कारण पुण्याईचे असले तरी पद विकले गेले होते आणि ज्याच्याकडे पैसा नाही त्या गावकऱ्याचे मत त्या सौद्यात धरलेच नव्हते. एकोपा खरा असेल, तर तो गुप्त मतदानाला घाबरणार नाही. एक उमेदवार आणि नोटा, एवढ्या दोन बटणांवर मतदान झाले तर खऱ्या एकमताला उलट मान मिळेल.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. लातूर ग्रामीणमध्ये युतीतली जागा शिवसेनेला गेल्यामुळे भाजपचे कार्यकर्ते नाराज होते आणि नोटाची मते त्या नाराजीतून आली, असे तेव्हा सर्रास बोलले गेले. इंदूरमध्ये तर काँग्रेसने स्वतःच नोटाचा प्रचार केला. मग हे निर्मळ जनमत कसे? हा आक्षेप मला मान्य आहे. तो टाळून पुढे जाता येणार नाही. सारामागोंच्या कोऱ्या मतामागे कोणी नाही आणि तेच त्याचे बळ आहे. आपल्या मोठ्या आकड्यांमागे बहुधा कोणीतरी असते. पण यावरून नोटा व्यर्थ ठरत नाही. पैसा, जात, गटबाजी या गोष्टी उमेदवारांच्या मतांतही असतात. पण म्हणून ती मते आपण शून्य धरत नाही. शिवाय इंदूरचा मतदार त्या दिवशी दुसरे काय करू शकत होता? ज्या पक्षाला मत द्यायचे त्याचा उमेदवारच पसार झालेला. दोन लाखांवर माणसे उन्हात बाहेर पडली आणि त्यांनी उपलब्ध असलेले एकमेव सभ्य हत्यार वापरले. त्यांना प्रचाराने तिथवर आणले असेल. राग त्यांचा स्वतःचा होता.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. नोटा जिंकल्यास फेरनिवडणूक घ्यायची म्हटले, तर खर्च वाढेल, जागा रिकाम्या राहतील, कारभार अडेल. याला उत्तर महाराष्ट्रातच सापडते. राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला, की स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मते मिळाली तर कोणालाच विजयी घोषित न करता फेरनिवडणूक घ्यायची. त्याच सुमारास हरियाणाच्या आयोगाने आणखी एक पाऊल टाकले आणि नोटापेक्षा कमी मते मिळालेल्या उमेदवारांना फेरनिवडणुकीत मनाई केली. यामुळे कारभार कोलमडला नाही. एक टक्क्याच्या देशात असा प्रसंग विरळाच येणार; पण तो येऊ शकतो एवढी शक्यता उमेदवारी देणाऱ्यांना विचार करायला लावते. लोकसभा आणि विधानसभेसाठी हीच तरतूद व्हावी, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने तिच्यावर निवडणूक आयोगाला नोटीस काढली. कलम ५३(२)लाही वेगळे आव्हान दिले गेले आहे. लोकसभेत बिनविरोध निवडी फारच थोड्या झाल्या, असे त्यावर सांगितले जाते. ते खरे आहे. पण हक्क किती वेळा हिरावला गेला, यावरून तो हिरावणे योग्य ठरत नाही. आणि स्थानिक पातळीवर तर ते विरळही राहिलेले नाही.

चौथा आक्षेप कादंबरीच्या बाजूने येईल. एक टक्का कुठे आणि ८३ टक्के कुठे? युरोपातल्या रूपकाला आपल्या मतदारसंघांच्या आकड्यांना जुंपणे म्हणजे साहित्याचा अग्रलेख करणे नव्हे का? कादंबरी बातम्यांपेक्षा मोठी असते, हे निर्विवाद. सारामागोंची मैलमैल वाहणारी वाक्ये, अवतरणचिन्हांशिवाय एकमेकांत मिसळणारे संवाद, नावे नसलेली माणसे हे सगळे कोणत्याही मतदारसंघाच्या निकालात मावणारे नाही, आणि ही कादंबरी त्या सुखासाठीही वाचावी. पण रूपकाचे काम सध्या लहान असलेली गोष्ट वाढवून दाखवणे हे असते. एक टक्का ८३ झाला तर काय, असे विचारले की व्यवस्थेच्या पोटातले गृहीतक बाहेर पडते. आपला कायदा त्या दिवशी काय म्हणेल? उत्तर आजच लिहिलेले आहे: उरलेल्या १७ टक्क्यांत ज्याला जास्त मते असतील तो विजयी. हे उत्तर आपल्याला पटते का, हे ठरवायला कादंबरी भाग पाडते. बातमी एकटी ते करू शकत नाही.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दर निवडणुकीत महाराष्ट्रात कुठे ना कुठे गावे मतदानावर बहिष्कार घालतात. २०२४च्या लोकसभेला मेळघाटातल्या काही गावांनी रस्ता, पाणी, वीज मिळत नाही म्हणून तो घातला. बहिष्काराची बातमी आली की तहसीलदार गावात पोहोचतात, समजूत काढतात, आश्वासने देतात. नोटाचे बटण दाबणाऱ्याकडे मात्र कोणी येत नाही. म्हणजे केंद्रावर न येणाऱ्याशी शासन बोलते आणि केंद्रावर येऊन शिस्तीने नापसंती नोंदवणाऱ्याशी बोलत नाही. यातून आपण नागरिकाला काय शिकवतो आहोत? ज्याचा लोकशाहीवर अजून विश्वास आहे, जो तिच्याच रांगेत उभा राहून तिची तक्रार तिच्याकडेच करतो आहे, त्याला आपण सांगतो आहोत की तुझ्या येण्याने काही होत नाही. कादंबरीतले सरकार आपल्या सर्वांत सभ्य नागरिकांना शत्रू समजते. आपण त्यांना गैरहजर समजतो.

म्हणून ही कादंबरी वाचताना तिच्यातल्या दुष्ट मंत्र्यांवर संतापून थांबू नये. तसा संताप सोपा असतो आणि तो आपल्याला सुटका देतो. मंत्रिमंडळाच्या प्रत्येक बैठकीपाशी थांबून, आता कोणता प्रश्न विचारायला हवा होता आणि तो कोणी टाळला, याची नोंद करावी. मग तीच नजर घेऊन आपल्या निकालपत्रकातल्या शेवटच्या ओळीकडे यावे. एकच उमेदवार असेल तिथेही मतदान झाले पाहिजे. नोटा पहिले आले तर जागा पुन्हा लढवली गेली पाहिजे. आणि ज्या मतदारसंघात नोटा ठळक प्रमाणात दिसते, तिथे त्याची कारणे जाहीरपणे शोधणे हे पक्षांचे आणि विधिमंडळाचे कर्तव्य ठरले पाहिजे. या मागण्या क्रांतिकारक नाहीत, महागही नाहीत. 'तुम्ही का नको?' हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय सत्तेला लागावी, एवढेच त्या मागतात. ज्या लोकशाहीत ही सवय असेल, तिथे कोऱ्या मतांची संख्या वाढली म्हणून घाबरण्याचे कारण उरणार नाही. आणि ज्या लोकशाहीत ती नसेल, तिथे ती संख्या एक टक्का आहे म्हणून निर्धास्त राहण्याचेही कारण नाही.